दहाव्या नावाखालची सही

मागच्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीच्या उपकारस्तुतीच्या सभेत मी उभा राहिलो आणि माझी पत्नी मार्था हिच्या आजारपणाची साक्ष दिली. आजारातून माणूस उठलं की आमच्याकडे ही रीत आहे. घरातल्या कुणीतरी उभं राहायचं, काय झालं आणि देवानं कसं तारलं ते थोडक्यात सांगायचं, आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. माझी साक्ष लोकांना आवडली. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी ती मंडळीच्या मासिकाच्या अंकासाठी लिहून मागितली. ज्यांच्या घरी असा आजार येईल त्यांना आधार होईल, असं ते म्हणाले.

ती लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. कारण त्या साक्षीत एक वाक्य खोटं होतं. बाकी सगळं खरं होतं, म्हणून ते एक वाक्यही खरंच वाटलं.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक आहे. रविवारच्या शाळेत कितीतरी मुलांकडून मी दहा आज्ञा पाठ करून घेतल्या. खोट्या साक्षीची आज्ञा त्यांत कितवी, हे मला कुणी सांगायला नको. तेव्हा आता सगळं पहिल्यापासून लिहितो.

वही

आम्ही सावेडीत राहतो. आमच्या घरापासून चार इमारती सोडून एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. हाताला गुण, बोलणं गोड, त्यामुळे गर्दी. फोनवर नंबर मागितला तर आठ-दहा दिवसांनंतरचा मिळतो. त्याच दिवशी दाखवायचं असेल तर एकच वाट होती, दवाखान्याच्या ग्रीलला सुतळीनं बांधलेली वही. वॉचमन ती सकाळी सहाला अडकवायचा. पहिली दहा नावं त्या दिवशी घेत. अकराव्यानं दुसऱ्या दिवशी यायचं. नेवाशाकडून, पाथर्डीकडून पहिल्या एसटीनं माणसं यायची आणि आधी वहीकडे धावायची.

सकाळी फिरायला जाताना मी ती वही बघायचो. दोन ओळींच्या मध्ये घुसडलेली नावं, खाडाखोड, एकाच नंबरवर दोन-दोन माणसं. मास्तरच्या डोळ्यांना ते सहन होईना. एक दिवस घरून पट्टी नेली, रेघा आखल्या आणि डावीकडे एक ते दहा आकडे घातले. मग रोज सातला जाऊन, दहा नावं झाली की खाली आडवी रेघ मारून सही करू लागलो, म्हणजे नंतर कुणी मध्ये घुसायला नको. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. पण भांडणं थांबली, आणि डॉक्टरांनीही एकदा तसं हसून बोलून दाखवलं. लोक मला 'वहीवाले सर' म्हणू लागले. मला ते फार आवडत होतं, हेही लिहून टाकतो.

मार्था म्हणायची, "रिटायर झाले, पर हजेरी काय सुटंना यांची."

दवाखान्याच्या काउंटरवर कोमल बसायची. पंचविशीतली, शांत मुलगी. तिची आई विमलताई आमच्याच मंडळीतली. दर रविवारी उपासनेनंतरचा चहा तिच्या हातचा. कोमलला एक सवय होती. दहा नावं भरल्यानंतर कुणी आलं तरी त्याला सरळ परत पाठवायची नाही. हळूच विचारायची, तातडीचं आहे का? हो म्हटलं तर काय होतंय ते ऐकून घ्यायची आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगायची. मला हे पटत नसे. तातडी कुणाला नसते, असं माझं म्हणणं. मार्था आजारी पडली त्याच्या आदल्या आठवड्यात एक माणूस आईला घेऊन आला आणि तातडीचं आहे म्हणाला. सगळ्या बाकड्यासमोर मी त्याला ऐकवलं, "तातडी आहे तर सहाला उठायचं होतं." तो बिचारा ओशाळला. कोमलनं तरीही त्याच्या आईला आत नेलं. मी तिला म्हणालो की अशानं शिस्त राहत नाही. ती एवढंच म्हणाली, "सर, विचारायला काय जातं?"

मंगळवार

मंगळवारी सकाळी नेहमीसारखा जाऊन, दहाव्या नावाखाली सही करून मी घरी आलो. मार्था चहा करत होती. चमच्यात साखर घेऊन तिनं मला विचारलं, "बादली टाकू का?"

मी हसलो. तीही हसायला गेली, पण हसू एका बाजूलाच उमटलं. मग तिच्या उजव्या हातातला चमचा सुटला आणि साखर ओट्यावर सांडली. तिनं तो हात डाव्या हातानं उचलून पाहिला, जसं दुसऱ्याचं काही सापडावं तसं. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं. बोलणं नीट, ओठ नीट. "हात झोपला आसंल," म्हणाली आणि साखर पुसायला लागली.

मी घाबरलो होतो. दवाखाना उघडायची वेळ होताच तिला स्कूटरवर बसवलं आणि तिथे नेलं. ती बाहेरच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी आत गेलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. बाकडं भरलेलं होतं. वही काउंटरवर उघडी होती आणि दहाव्या नावाखाली माझीच सही होती.

कोमलनं माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "सर, तातडीचं आहे का? तसं असेल तर मी आत्ता आत सांगते."

हे तिचे शब्द आहेत. मी त्यांत एकही शब्द कमी-जास्त केलेला नाही.

बाकड्यावर नऊ-दहा माणसं होती. त्यातली चार-पाच मला वहीमुळे ओळखत होती. गेल्या आठवड्यात मी ज्याला बोललो तो माणूसही आईचे रिपोर्ट घेऊन कोपऱ्यात बसला होता. त्यानं मान वर केली. आणि माझ्या तोंडून निघालं, "छे छे, तसं काही नाही. उद्याचं बघू."

कोमलनं पुन्हा विचारलं, "नक्की ना, सर? काकूंना काय होतंय?" मी म्हणालो, थकवा आहे जरा. आणि बाहेर आलो.

पायरीवरून मार्थानं विचारलं, "काय झालं?"

"आज नंबर नाही मिळाला."

"बरं," ती म्हणाली. "मंग मेथी घेऊन जाऊ."

आम्ही मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. तिनं त्या निवडून घेतल्या, पिवळी पानं बघून एक बदलून घेतली. त्या सकाळची मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट ही मेथी आहे. तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. मी आत गेलो होतो, म्हणजे होईल तेवढं मी केलंच असणार.

नेलं होतं

दुपारी तीनच्या सुमारास ती न्हाणीच्या दारात पडली. उजवा हात, उजवा पाय, दोन्ही गेले. डोळे माझ्याकडे, पण तोंडातून नुसता आवाज. शेजाऱ्यांच्या गाडीतून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी, असं सांगितलं. आमच्याकडे ज्याला लकवा म्हणतात तो. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, आधी काही झालं होतं का? मी सकाळचं सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला. "आजोबा, तेव्हाच आणायचं होतं," म्हणाला. रागानं नाही. राग परवडला असता.

संध्याकाळी आमची मुलगी प्रीती पुण्याहून आली. आईला काचेतून बघून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "पप्पा, सकाळीच कळलं होतं ना? मग डॉक्टरकडे का नाही नेलं?"

"नेलं होतं," मी म्हणालो. "काउंटरवरच्या मुलीनं परत पाठवलं."

ते खोटं वाक्य हेच. पुढे साक्षीतही तेच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीती दवाखान्यात गेली आणि सगळ्यांसमोर कोमलला वाट्टेल ते बोलून आली. कोमल म्हणत होती की ताई, मी विचारलं होतं. प्रीतीनं ऐकून घेतलं नाही. माझे वडील खोटं बोलतील का, असं तिनं तिथे विचारलं म्हणे. डॉक्टरांनी कोमलला काउंटरवरून उठवून आतल्या फायलींच्या कामाला बसवलं. पंधरा दिवसांनी तिनं नोकरी सोडली. हे सगळं मला कळत होतं, आणि मी आजारी बायकोच्या आड बसून होतो. तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं.

बादली

हॉस्पिटलात आम्ही एकोणीस दिवस होतो. ज्यांना पुढे असं राहावं लागेल त्यांच्यासाठी काही लिहितो.

तिथला दिवस आपला नसतो. पाचला रक्त घ्यायला येतात, सहाला पुसायला येतात, आठला मोठे डॉक्टर येतात आणि दोन मिनिटांत जातात. त्या दोन मिनिटांत आपण विचारायचं सगळं विसरतो. मी कागदावर लिहून ठेवायला लागलो. शेजारच्या खाटेवर कोपरगावकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्या सुनेनं तिसऱ्या दिवशी मला न विचारता डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "खा, बाबा. तुमी पडल्यावर आजीला कोण बघंल?" मी खाल्ली. तोवर मी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं होतं, माझ्या नव्हे.

मार्थाची वेणी घालायला मी तिथे शिकलो. साफसफाईच्या मावशींनी शिकवली. बावन्न वर्षांच्या संसारात तिचे केस किती मऊ आहेत ते मला माहीत नव्हतं. पहिली वेणी इतकी वाकडी झाली की मावशींनी पुढच्या खाटेवरच्या बाईला बोलावून दाखवली.

आठव्या दिवशी मार्थाच्या तोंडून शब्द फुटला. तो होता, "बादली." मग सगळंच बादली झालं. पाणी बादली, औषध बादली, प्रीती बादली. मला हाक मारायची तीही बादली. चुकतंय हे तिला कळायचं, आणि डोळ्यांत पाणी यायचं. एकदा पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी लांबलचक प्रार्थना केली आणि शेवटी आमेनच्या जागी ही मोठ्यानं बादली म्हणाली. पाळकसाहेब गंभीर राहायला बघत होते. आधी ती हसली, मग मी, मग सगळा वॉर्ड. तिचं हसू तेव्हा दोन्ही बाजूंनी उमटलं होतं.

शब्द एक-एक करून परत आले, तिच्या माहेरच्या सोनईच्या वळणानं. तरुणपणी मी तिचं 'हाय'चं 'आहे' करायला बसायचो. आता तिनं 'व्हय' म्हटलं तरी मला सण वाटायचा.

साक्ष

चार महिन्यांनी ती काठीनं चालू लागली. उपकारस्तुतीच्या सभेत मी उभा राहिलो. सांगता सांगता म्हणालो, "डॉक्टरांच्या दारातून आम्हाला परत पाठवलं, पण देवानं आपलं दार बंद केलं नाही." वाक्य छान जमलं होतं. लोकांनी आमेन म्हटलं. विमलताई मागच्या भिंतीशी चहाच्या भांड्याजवळ उभी होती. तिनं चहा गाळला, सगळ्यांना दिला, मलाही दिला. त्यानंतर मात्र ती उपासनेला आली नाही. चहा दुसऱ्या कुणाकडे गेला.

पाळकसाहेबांनी साक्ष लिहून मागितली ती त्यानंतर. तिसऱ्यांदा कागद ठेवून उठलो तेव्हा मार्था डाव्या हातानं लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि मंगळवारचं सगळं सांगितलं. कोमलचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं.

तिनं हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग शब्द जुळवत म्हणाली, "त्या पोरीला सांगितलं?"

"नाही."

"प्रीतीला?"

"नाही."

"मंग मला सांगून मोकळं व्हायचं व्हय?" तिनं लसणाची वाटी माझ्याकडे सरकवली. "मी कुटं जात न्हाई. आदी तिकडं जा."

प्रीतीला त्याच संध्याकाळी फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी, "पप्पा, मी तिला सगळ्यांसमोर बोलले हो," म्हणाली आणि फोन ठेवला. तीन आठवडे तिचा फोन आला नाही. आई कशी आहे ते शेजाऱ्यांना विचारत होती.

कोमलकडे मात्र मी गेलो नाही. आज पाय दुखतो, उद्या ऊन आहे, असं चाललं होतं.

तातडीचं

मग एका सकाळी मार्था म्हणाली की डाव्या हाताला मुंग्या येताहेत. डाव्या, म्हणजे चांगल्या. मोठं हॉस्पिटल लांब, डॉक्टर चार इमारतींवर. रिक्षा केली आणि तिला धरून तिथेच नेलं. वही भरलेली होती. मार्था पडल्यापासून मी वहीकडे गेलो नव्हतो; माझ्यानंतर कुणी रेघा आखल्या नव्हत्या आणि नावं पुन्हा एकमेकांच्या अंगावर चढली होती. काउंटरवर नवी मुलगी होती. ती मान वर न करता म्हणाली, आजचे नंबर संपले.

मी बाकड्याकडे पाहिलं. बाकडं तेवढंच भरलेलं होतं.

"तातडीचं आहे," मी म्हणालो. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "हिला लकवा झालेला आहे. आधी हिला बघा. मी सगळ्यांची माफी मागतो."

पहिल्या नंबरचा शेतकरी उठून उभा राहिला. "न्या की आत. माफी कशाला?" एवढंच. बाकीच्यांनी पाय आत घेतले. म्हणायला मला दहा सेकंद लागले असतील. मी ज्याला घाबरलो होतो ते एवढंच होतं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही नव्हतं. ती त्या हातावर झोपली होती.

बाहेर आल्यावर मार्था पायरीवर थांबली. "उगा त्या बाबाचा नंबर खाल्ला," म्हणाली. मग माझ्याकडे बघत, "आता येतंय ना बोलायला? चला मंग. रिक्षा हायेच."

कोमल

कोमल आता एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर आहे. रिक्षानं थेट तिथे जाऊन आम्ही रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आल्यावर तिनं मला ओळखलं आणि तिचा चेहरा कोरा झाला. पण मार्थाला खुर्ची आणून दिली.

मी सांगितलं. तू विचारलं होतंस, दोनदा विचारलं होतंस. मीच नाही म्हणालो. आणि नंतर तुझ्यावर ढकललं.

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. "सर, तुम्हाला माहितीये का? ताई एवढ्या ओरडल्या, नंतरही तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हा मलाच वाटायला लागलं की मी विचारलंच नसेल. सर कशाला खोटं बोलतील? मी कितीदा तो दिवस आठवत बसायचे. अजून मी प्रत्येकाला तीन-तीनदा विचारते. लोक वैतागतात."

माझी क्षमा मागायची तयारी होती. या गोष्टीची तयारी नव्हती. नोकरीहून मोठं काहीतरी मी तिचं घेतलं होतं, आणि घेतलंय हे मला ठाऊकही नव्हतं.

मी म्हणालो, सांग, काय करू?

"माझ्या आईनं चर्च सोडलंय," ती म्हणाली. "तुम्ही जिथे उभं राहून ते बोललात, तिथेच उभं राहून हे बोला."

प्रीतीचा फोन तिला त्याच आठवड्यात गेला. काय बोलणं झालं ते दोघींपैकी कुणी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुन्हा साक्ष

पाळकसाहेबांना आधी सांगितलं. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "या रविवारी," म्हणाले.

मी उभा राहिलो. मागच्या भिंतीशी विमलताई आणि कोमल शेजारी शेजारी बसल्या होत्या. वर लिहिलंय तेच मी बोललो, फक्त कमी शब्दांत. त्यातलं घरोघरी उपयोगी पडेल ते इथे पुन्हा लिहितो. जीभ वेगळाच शब्द बोलली, ओठ वाकडा झाला, हातातली वस्तू सुटली, आणि दहा मिनिटांत सगळं बरं झालं, तरीही नंबरची वाट बघू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. आणि कुणी 'तातडीचं आहे का' असं विचारलं तर हो म्हणा. विचारणारं माणूस भेटणं ही दया आहे. मला ती मिळाली होती आणि मी ती चारचौघांत परत केली.

बोलून झालं. आमेन कुणी म्हणालं नाही. अशा साक्षीला आमेन म्हणतात की नाही, हे बहुधा कुणालाच माहीत नव्हतं. बसावं की उभं राहावं, मला कळेना. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मार्थाचा जड, सावकाश आवाज आला.

"झालं ना? मंग बसा खाली."

कुणीतरी हसलं. मी बसलो.

उपासना संपल्यावर विमलताई कुणी न सांगता चहाच्या भांड्याकडे गेली. गाळणी हातात घेतली. पहिला कप तिनं मार्थाला आणून दिला, अर्धाच भरलेला, आणि तो मार्थाच्या उजव्या हातात ठेवला. हात थरथरला. विमलताईनं खालून आपला तळवा धरला होता. सांडलं नाही.

मला तिनं कप आणून दिला नाही. टेबलावर भरून ठेवलेले होते. माझ्या पुढची माणसं घेऊन जाईपर्यंत मी थांबलो आणि मग त्यातला एक उचलला.